अंकोरची मंदिरे कालक्रमाने कशी पाहावीत

कंबोडियातील सियेम रीप शहराच्या उत्तरेला सुमारे ४०० चौरस किलोमीटरच्या परिसरात ख्मेर राजांनी बांधलेली मंदिरे, तलाव, कालवे आणि राजधान्यांचे अवशेष पसरलेले आहेत. १९९२ मध्ये युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. प्रथमच जाणारे प्रवासी बहुधा एकाच दिवसात अंकोर वाटचा सूर्योदय, बायोनचे दगडी चेहरे आणि ता प्रोमची झाडे एवढे उरकतात, आणि दुपारनंतर सगळी मंदिरे सारखीच दिसू लागल्याची तक्रार करतात. तक्रार खरी आहे, पण तिचे मूळ पाहण्याच्या क्रमात आहे. सर्वांत भव्य मंदिर आधी पाहिले की त्यानंतरचे प्रत्येक मंदिर मोडके आणि लहान वाटते. म्हणून मंदिरे ज्या क्रमाने बांधली गेली, साधारण त्याच क्रमाने ती पाहावीत आणि अंकोर वाट पहिल्या दिवशी पाहू नये, असा या लेखातील सल्ला आहे. पुढील मांडणी तीन दिवसांच्या हिशेबाने केली आहे.

महिना आणि दिवस

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा व त्यातल्या त्यात थंड काळ असतो आणि गर्दीही याच काळात सर्वाधिक असते. मार्चपासून ऊन वाढते. एप्रिलमध्ये दगड इतका तापतो की अकरा वाजल्यानंतर उघड्या चौथऱ्यांवर उभे राहवत नाही. मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो. कोकणात किंवा घाटावर वाढलेल्या माणसाला त्या पावसाचे भय वाटण्याचे कारण नाही. सर बहुधा दुपारी येऊन जाते, खंदक आणि तलाव भरलेले दिसतात व गर्दी ओसरलेली असते. मात्र शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उतरताना घाई करू नये आणि पकड धरणाऱ्या तळाचे बूट वापरावेत. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे, त्यांनी एवढ्या दूर जाण्याआधी पुन्हा विचार करावा.

व्हिसा, विमानतळ आणि पैसे

भारतीय नागरिकांना कंबोडियाचा व्हिसा लागतो. पर्यटक व्हिसाचे मूळ शुल्क ३० डॉलर असून तो ऑनलाइन किंवा विमानतळावर उतरल्यावर मिळतो. ऑनलाइन अर्ज करताना संकेतस्थळ सरकारीच असल्याची खात्री करून घ्यावी, कारण हुबेहूब तसेच दिसणारी आणि जादा पैसे घेणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. याशिवाय प्रवासाआधीच्या सात दिवसांत आगमनाचा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. त्याला शुल्क नाही. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी.

सियेम रीपचा नवा विमानतळ ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला. तो शहरापासून चाळीसहून अधिक किलोमीटर दूर आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकांत दिलेला ‘दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता’ आता गृहीत धरू नये आणि परतीच्या दिवशी तासाभराचा प्रवास हिशेबात धरावा. २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर सशस्त्र संघर्ष झाला व जमिनीवरील चौक्या बंद झाल्या. त्यामुळे बँकॉकहून बसने येण्याचा पूर्वीचा स्वस्त मार्ग आखण्यापूर्वी ताजी स्थिती तपासणे आवश्यक आहे.

व्यवहारात अमेरिकी डॉलर सर्वत्र चालतो आणि सुटे पैसे रिएल या स्थानिक चलनात परत मिळतात. एका डॉलरला साधारण ४,००० रिएल हा हिशेब लक्षात ठेवावा. किंचित फाटलेली किंवा शाई लागलेली डॉलरची नोट दुकानदार घेत नाहीत. भारतातून नोटा नेताना त्या कोऱ्या आणि लहान मूल्यांच्या मागून घ्याव्यात.

पास काढणे

मंदिरांच्या दारात तिकीट मिळत नाही. शहराबाहेरच्या अधिकृत तिकीट केंद्रावर किंवा त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पास काढावा लागतो. एका दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२ आणि सात दिवसांचा ७२ डॉलर आहे. प्रत्येक पासातील २ डॉलर कांथा बोफा या बालरुग्णालयांना जातात. तीन दिवसांचा पास दहा दिवसांतील कोणत्याही तीन दिवशी वापरता येतो, म्हणजे मध्ये एक दिवस विश्रांती घेता येते. लहान मुले किंवा ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर ती सवड अवश्य घ्यावी. बारा वर्षांखालील मुलांना पास लागत नाही, पण वयाचा पुरावा म्हणून त्यांचा पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो.

पासवर तुमचे छायाचित्र असते आणि तो जवळजवळ प्रत्येक मंदिरापाशी तपासला जातो. दुसऱ्याचा पास चालत नाही. अर्धा वापरलेला पास स्वस्तात देऊ करणाऱ्यापासून दूर राहावे.

वाहन आणि वाटाड्या

परिसरात फिरण्यासाठी टुकटुक सर्वांत सोयीची. मोटारसायकलला जोडलेली ही चार आसनांची छपराची गाडी दिवसभरासाठी ठरवता येते. जवळच्या फेरीसाठी साधारण १५ ते २५ डॉलर पडतात. बांते स्रेईसारख्या दूरच्या मंदिरासाठी वेगळी रक्कम आधीच ठरवावी. निघण्यापूर्वी मंदिरांची नावे कागदावर लिहून चालकाला दाखवावीत. कारण चालक आपणहून ‘लहान फेरी’ आणि ‘मोठी फेरी’ या ठरीव मार्गांनी नेतात आणि ते मार्ग अंतरावरून आखलेले आहेत, काळावरून नव्हेत. सायकल उत्तम, पण ती सकाळच्या वेळेतच.

परवानाधारक वाटाडे गणवेशात असतात. तीनही दिवस वाटाड्याची गरज नाही, पण अंकोर वाट आणि बायोनसाठी अर्धा दिवस जरूर घ्यावा. रामायण-महाभारताची ओळख मुळातून करून देण्यात वेळ घालवू नका, स्थानिक कथा आणि शिल्पातले वेगळेपण सांगा, असे त्यांना सुरुवातीलाच सांगितले तर तेही खुलून बोलतात.

पोशाख आणि वर्तन

खांदे आणि गुडघे झाकणारे सुती कपडे घालावेत. हा नियम कागदावर राहिलेला नाही. अंकोर वाटच्या सर्वांत वरच्या भागात नियम मोडणाऱ्याला परत पाठवतात, आणि खांद्यावर नुसती ओढणी टाकून भागत नाही. कोरीव कामाला हात लावू नये. अंकोर वाटच्या ओवऱ्यांत हात पोहोचतो तेवढ्या उंचीवरची शिल्पे काळी, तुळतुळीत झालेली दिसतात. ती झिलई पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्पर्शाची आहे. परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. वस्तू विकणाऱ्या किंवा पैसे मागणाऱ्या मुलांना पैसे वा खाऊ देऊ नये असे तेथील प्रशासनच सांगते, कारण त्या मिळकतीपायी मुलांची शाळा सुटते. माकडांसमोर पिशवीतून खाद्यपदार्थ काढू नयेत.

आडबाजूच्या अवशेषांत मळलेली वाट सोडून झाडीत शिरू नये. मुख्य मंदिरांचा परिसर भूसुरुंगमुक्त केलेला आहे, पण देशाच्या दुर्गम भागांत युद्धकाळातील सुरुंग अजूनही सापडतात.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: ख्मेर स्वयंपाकात माशाचा सॉस आपल्याकडच्या फोडणीइतकाच गृहीत धरलेला असतो, त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. माशाचा सॉसही नको, हे स्वतंत्रपणे सांगावे. शहरात भारतीय भोजनालये आहेत. मंदिरांच्या परिसरात मात्र फळे, नारळपाणी आणि बरोबर नेलेला कोरडा खाऊ यांवरच भिस्त ठेवावी.

जाण्यापूर्वी एवढे माहीत असावे

ख्मेर मंदिरांचा काळ ओळखण्याचा पहिला मार्ग म्हणजे दगड. सुरुवातीची मंदिरे विटांची असून त्यांवर चुन्याच्या गिलाव्यात नक्षी केलेली असे. पाया, तटबंदी आणि चौथरे यांसाठी वापरलेला तांबडा, सच्छिद्र दगड महाराष्ट्रातील वाचकाला लगेच ओळखता येईल, कारण तो जांभाच आहे. जांभ्यावर बारीक कोरीव काम होत नाही. त्यासाठी नोम कुलेनच्या डोंगरातला वालुकाश्म आणला जाई, आणि जसजशी राजसत्ता बळकट झाली तसतसे त्याचे प्रमाण वाढत गेले. विटांचे मनोरे, जांभ्याची भिंत आणि वालुकाश्माच्या फक्त दारचौकटी दिसल्या, तर मंदिर नवव्या-दहाव्या शतकातले असावे असा अंदाज करण्यास हरकत नाही.

दुसरी गोष्ट कमानींची. दगडाचा एकेक थर थोडा थोडा आत सरकवत नेऊन वर दोन्ही बाजू मिळवायच्या, अशी या स्थपतींची पद्धत होती. अशा छताखाली रुंद दालन उभे राहू शकत नाही. म्हणूनच एवढ्या प्रचंड मंदिरांत आतल्या खोल्या अरुंद आहेत आणि ओवऱ्या लांबच लांब आहेत. मोठा सभामंडप शोधत बसणाऱ्यांची निराशा होते. येथे सारे वैभव बाहेरच्या मांडणीत आणि भिंतींवर आहे.

तिसरी गोष्ट मराठी माणसाला विशेष जवळची आहे. कंबोडियातील शिलालेखांत कालगणना शकाची आहे, म्हणजे आपल्या पंचांगावर छापलेलाच शक. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. जयवर्मन दुसरा याने नोम कुलेनवर स्वतःला सार्वभौम राजा म्हणून प्रस्थापित केले ते वर्ष शक ७२४, म्हणजे इ.स. ८०२, अंकोरचा इतिहास सामान्यतः येथून मोजला जातो. त्याहून जुन्या, शक ६०५ च्या एका शिलालेखात मधले शून्य टिंबाने दाखवलेले आहे. जगातील सर्वांत जुन्या कालनिश्चित शून्यांमध्ये त्याची गणना होते आणि तो दगड आज देशाच्या राजधानीतील, नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पहिला दिवस: रोलुओस आणि प्रे रूप

सियेम रीपच्या पूर्वेला सुमारे १३ किलोमीटरवर रोलुओस गटाची तीन मंदिरे आहेत. हरिहरालय ही राजधानी येथे होती. प्रेआ को (इ.स. ८७९) मध्ये विटांचे सहा मनोरे दोन रांगांत उभे असून समोर नंदी बसलेले आहेत. मनोऱ्यांवर मूळ गिलाव्याचे काही तुकडे अजून टिकून आहेत, ते नीट पाहावेत. पुढे सर्वत्र जी उघडी वीट दिसते तिच्यावर पूर्वी काय होते याची कल्पना येथेच येते. बाकोंग (८८१) हे पाच टप्प्यांचे मंदिर-पर्वताचे पहिले मोठे दगडी रूप. खंदक म्हणजे समुद्र, टप्पे म्हणजे मेरू पर्वत, ही मांडणी येथे समजून घेतली की अंकोर वाटची रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शिखरावरचा मनोरा मात्र नंतरच्या, बाराव्या शतकातला आहे. लोलेई (८९३) बरेच पडझड झालेले आहे. ते एका विशाल तलावातील बेटावर होते आणि तो तलाव आता कोरडा आहे. त्याच्या दारचौकटींवर कोरलेल्या लेखांची सुबक, समान अक्षरे पाहण्यासाठी तेवढा फेरा सार्थकी लागतो.

संध्याकाळ प्रे रूप (९६१) येथे घालवावी. हे मंदिर सायंकाळी सातपर्यंत उघडे असते आणि कलत्या उन्हात त्याची वीट व जांभा दोन्ही तांबूस उजळतात. सूर्यास्तासाठी नोम बाखेंगचा डोंगर प्रसिद्ध असला, तरी तेथे एका वेळी ३०० जणांनाच वर सोडतात आणि रांगेतच सूर्य मावळण्याची शक्यता असते.

दुसरा दिवस: बांते स्रेई, मग अंकोर वाट

सकाळी लवकर निघून शहरापासून ३७ किलोमीटरवरील बांते स्रेई गाठावे. टुकटुकने तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. इ.स. ९६७ मध्ये प्रतिष्ठापना झालेले हे शिवमंदिर कोणा राजाने नव्हे, तर यज्ञवराह या विद्वान राजगुरूने उभारले. मंदिर लहान आहे, दारे माणसाला वाकून जावे लागेल इतकी ठेंगणी आहेत, आणि गुलाबी वालुकाश्मावरचे काम सागवानी लाकडावर करावे तसे खोल आणि बारीक आहे.

येथे घाईने छायाचित्रे काढून निघू नये. ग्रंथालय म्हणवल्या जाणाऱ्या दोन छोट्या वास्तूंपैकी दक्षिणेकडच्या वास्तूपाशी थांबावे. पूर्वेकडील त्रिकोणी शिल्पपट्टावर रावण कैलास हलवताना दाखवला आहे. वेरूळच्या कैलास लेण्यातील रावणानुग्रह ज्यांनी पाहिला आहे, त्यांना दोन्ही शिल्पकारांच्या विचारांतील फरक चटकन दिसेल. वेरूळला पर्वताखाली दबलेल्या रावणाचे बळ केंद्रस्थानी आहे. येथे कैलास टप्प्याटप्प्यांचा, ख्मेर मंदिरासारखाच दाखवला असून प्रत्येक पायरीवर ऋषी, प्राणीमुखी गण आणि घाबरलेले पशू यांची गर्दी आहे, आणि वरती पार्वती शिवाला बिलगली आहे. उत्तरेकडच्या ग्रंथालयावर कृष्णाने केलेला कंसवध आणि खांडववनावर इंद्राने पाडलेला पाऊस आहे. पावसाच्या धारा समांतर तिरप्या रेघांनी कोरल्या आहेत.

दुपारी विश्रांती घेऊन तीनच्या सुमारास अंकोर वाटला जावे. सूर्यवर्मन दुसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले हे विष्णुमंदिर पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे त्याच्या दर्शनी बाजूवर आणि पश्चिमेच्या ओवरीत उजेड दुपारनंतर येतो. खंदक सुमारे १९० मीटर रुंद आहे. पुलावरून चालत आत शिरताना तीन मनोरे पाच होतात, पुन्हा तीन होतात, हे पाहत सावकाश जावे.

ओवरीतील उठावशिल्पे उजवीकडून सुरू करून, मंदिर डाव्या हाताला ठेवत पाहावीत. ही प्रदक्षिणा आपल्या सवयीच्या उलट आहे. प्रथम कुरुक्षेत्र येते. डावीकडून कौरव आणि उजवीकडून पांडव चालून येतात. कडेला सैन्याच्या रांगा शिस्तीत आहेत आणि मध्याकडे जाताना त्यांचा गुंता होत जातो. शरपंजरी भीष्म वरच्या भागात शोधावे लागतात. त्यानंतर दक्षिणेच्या ओवरीत स्वतः सूर्यवर्मनची मिरवणूक आणि पुढे स्वर्ग-नरकाचा पट्ट आहे: रेड्यावर बसलेला अनेक हातांचा यम, निवाडा वाचणारा चित्रगुप्त, आणि खाली प्रत्येक नरकाचे नाव सांगणारे छोटे लेख. उजेड उतरण्यापूर्वी पश्चिमेच्या ओवरीच्या उत्तर भागातील लंकेचे युद्धही पाहून घ्यावे. राम तेथे हनुमानाच्या खांद्यांवर उभा राहून बाण सोडतो.

तिसरा दिवस: पुन्हा अंकोर वाट, नंतर अंकोर थोम

पास दिवसाचा असतो, एका प्रवेशाचा नसतो. त्यामुळे तिसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा अंकोर वाटला जाता येते. मंदिर पाच वाजता उघडते. उत्तरेकडच्या तळ्याकाठी सूर्योदयासाठी दाटी होते आणि सूर्य वर आला की बहुतेक लोक न्याहारीला परततात. तो तासभर शांततेचा असतो आणि नेमका त्याच वेळी पूर्वेच्या ओवरीत उजेड येतो. येथे ४९ मीटर लांबीचे समुद्रमंथन आहे. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव वासुकीला ओढत आहेत. आपल्याला माहीत असलेल्या कथेपेक्षा दोन गोष्टी वेगळ्या दिसतील: असुरांच्या टोकाला रावणासारखा अनेक मस्तकांचा वीर आहे, आणि देवांच्या टोकाला वासुकीचे शेपूट धरलेला वानर आहे. तळाशी मासे व मगरी आहेत. रवीच्या जवळ गेलेले जलचर मंथनाच्या वेगाने चिरले गेले आहेत.

सर्वांत वरच्या भागात एका वेळी सुमारे १०० जणांनाच सोडतात. जिना उभा आहे, बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, आणि बौद्ध उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या दिवशी हा भाग बंद असतो. हे दिवस साधारणतः अष्टमी, पौर्णिमा आणि अमावास्येला येतात, त्यामुळे घरच्या दिनदर्शिकेवरून अंदाज बांधता येतो. एखाद्या दिवसाचा फरक मात्र पडू शकतो.

त्यानंतर अंकोर थोम. ११७७ सालच्या चाम (आजच्या व्हिएतनाममधील चंपा राज्याच्या) आक्रमणानंतर सत्तेवर आलेल्या जयवर्मन सातवा (११८१ पासून) याने ही तीन किलोमीटर बाजूची तटबंद नगरी उभारली. तो महायान बौद्ध होता. तिच्या मध्यभागी असलेल्या बायोनमध्ये लोक चेहरे पाहण्यासाठी थेट वर चढतात. तुम्ही आधी बाहेरची दक्षिण ओवरी पाहा. चाम सैन्याशी झालेल्या नौकायुद्धाच्या खाली बाजार भरला आहे, कोंबड्यांची झुंज लागली आहे, आचारी स्वयंपाक करत आहेत. देवादिकांच्या कथा पाहून झाल्यावर सामान्य ख्मेर माणूस पहिल्यांदा भेटतो तो येथे. वरचा मजला कधीकधी दुरुस्तीसाठी बंद असतो.

दुपारनंतर ता प्रोम (११८६) पाहावे. राजाने ते मातेच्या स्मरणार्थ बांधले. भिंतींवर मुळे पसरलेली झाडे येथे मुद्दाम राखली आहेत. मंदिर आणि झाड दोन्ही सांभाळण्याचे हे अवघड काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग कंबोडियाच्या प्रशासनाबरोबर करत आला आहे. एका प्रसिद्ध मुळापाशी छायाचित्रासाठी लागणारी रांग टाळून मागच्या प्रांगणात जावे. वेळ उरल्यास पित्यासाठी बांधलेले प्रेआ खान (११९१) पाहावे. माझ्या मते ता प्रोमपेक्षा तेच अधिक रंगते, आणि तेथे गर्दी निम्म्याहून कमी असते.

आणखी सवड असेल तर

चौथा दिवस मिळाल्यास मोटार ठरवून कोह केर येथे जावे. दहाव्या शतकात जयवर्मन चौथा याने राजधानी येथे हलवली होती. २०२३ मध्ये ती जागतिक वारसा यादीत आली. सात टप्प्यांचा उंच पिरॅमिड हे तिचे मुख्य आकर्षण असून त्यासाठी स्वतंत्र तिकीट लागते. येथील प्रसात चेन मंदिरात भीम-दुर्योधनांच्या गदायुद्धाचा मूर्तिसमूह होता. यादवीच्या काळात चोरांनी मूर्ती घोट्यांपासून कापून परदेशात विकल्या. पावले असलेले चौथरे जागेवर राहिल्यामुळेच मूर्ती कुठल्या हे सिद्ध करता आले, आणि भीम व दुर्योधन २०१४ मध्ये अमेरिकेतून परत आले. ते पाहण्यासाठी नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात अर्धा दिवस राखून ठेवावा.

डांग्रेक डोंगराच्या कड्यावरील प्रेआ विहेआर हे शिवमंदिर निःसंशय देखणे आहे, पण ते थायलंडच्या सीमेला लागून आहे. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते कंबोडियाचे ठरवले तरी आसपासच्या भूमीचा वाद मिटलेला नाही आणि २०२५ च्या संघर्षाची झळ त्यालाही बसली. सीमेवरील परिस्थिती निवळल्याची भारतीय दूतावासाच्या सूचनांवरून खात्री होईपर्यंत ते कार्यक्रमात धरू नये, आणि हॉटेलमधील कोणी ‘आता काही धोका नाही’ असे सांगून मोटार ठरवून देत असेल तरी नकार द्यावा.